खोट काढणारं गिऱ्हाईक

पंडरीच्या कापडबाजारात मार्च कूलरमधून येतो. सकाळी स्कूटीवर हात अजून गार पडतात, पण दुपार झाली की दुकानातल्या थानांच्या, म्हणजे ताग्यांच्या, चळतींमधून तापलेल्या कापडाचा वास उठू लागतो. मग मी माळ्यावरून कूलर उतरवायला सांगते. मागच्या वर्षीची काळी पडलेली खस, म्हणजे वाळा, उपसायची, जाळ्यांत नवी भरायची, पाणी सोडायचं. पंप आधी कुरकुरतो, थुंकल्यासारखं पाणी टाकतो आणि मग ओल्या खसचा पहिला झोत येतो. त्या झोतासमोर मी दर वर्षी जरा वेळ उभी राहते. दुकानातल्या मुलींना वाटतं, दीदी गरमीनं हैराण झाल्या. वाटू दे.

त्या वासात माझा एक वॉर्ड आहे. बायकांचा वॉर्ड, अर्ध्या उंचीपर्यंत हिरव्या रंगवलेल्या भिंती आणि खिडकीत बसवलेला भला मोठा कूलर. त्याचे शिंतोडे जवळच्या खाटेवर उडायचे. ती खाट कुणाला नको असायची आणि उन्हं चढली की सगळ्यांना हवी असायची. बाहेर कडुनिंब पानं गाळत असायचा. वारा आला की ती वाळकी पानं जाळीतून आत येऊन फरशीवर फिरायची, आणि झाडू मारणारी मावशी निंबाला शिव्या द्यायची. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस त्या फरशीवर गेले. ते माझ्याकडून काढून घेतले गेले, हेही इथंच सांगून टाकते, कारण गोड आठवणी सांगायला बसलेय असा कुणाचा गैरसमज नको.

आज मी डॉक्टरांचे एप्रन, नर्सिंगच्या मुलींचे गणवेश, ऑपरेशनच्या हिरव्या चादरी विकते. शिकले मात्र फार्मसी. बाबा रेल्वेच्या वर्कशॉपात होते. फी भरायची म्हणून मी संध्याकाळी पंडरीतच एका कापडाच्या दुकानात थान उलगडायला आणि घड्या घालायला जायचे. औषधं कॉलेजात शिकले आणि माणसं त्या गादीवर. पुढं औषधाच्या दुकानात नोकरी धरली, मालकाशी भांडले, सोडली. एप्रनचे गठ्ठे स्कूटीला बांधून हॉस्टेलच्या फाटकांवर विकले. आता स्वतःची पाटी आहे. बाजारात म्हणतात, ही बाई तोंडाची फटकळ आहे. कापड पक्कं देते, हेही म्हणतात. दुसरं जरा हळू म्हणतात.

मी फार्मसीला होते त्या वर्षी आमच्या एका मॅडमनी मनावर घेतलं होतं. एकाच आवारात डॉक्टरकीची, नर्सिंगची आणि फार्मसीची पोरं शिकतात, एकाच रोग्याभोवती आयुष्य काढणार आहेत, मग शिकताना एकमेकांची तोंडंही का पाहत नाहीत? म्हणून त्यांनी प्रत्येक शाखेतला एक असे तिघातिघांचे गट केले. दुपारी वॉर्डात जायचं, गटाला मिळालेला रोगी तिघांनी मिळून समजून घ्यायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत. आधी आणि नंतर एकेक प्रश्नावली भरायची. एकत्र शिकण्याविषयी पोरांचं मन कसं आहे आणि ते किती बदललं, हे त्यावरून मोजणार होते. मन चांगलं निघालं तर योजना कायमची होणार होती. मॅडम हे सांगताना हातातला रुमाल घट्ट पिळत होत्या, ते मला अजून दिसतं.

आमच्या गटात डॉक्टरकीचा अनिरुद्ध होता. चौबे कॉलोनीतला, भोसल्यांच्या काळापासून इथं स्थिरावलेल्या घरातला. त्याचं मराठी इस्त्री केलेलं. माझं ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाला, "तू बोलतेस की भांडतेस?"

"दोन्ही. वेगवेगळं कराले टाइम नाही मले."

नर्सिंगची दुलारी महासमुंदकडच्या खेड्यातली. बुटकी, केसांना भरपूर तेल, आणि डब्यात रोज बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, वर कांदा आणि हिरवी मिरची. अनिरुद्धनं डब्यात डोकावून विचारलं, "ये क्या है?" तिनं डबा त्याच्यापुढं सरकवला. "खा के देखव, डॉक्टर साहब. फिर तुमको नींद आएगी और हमको शांति." त्यानं खाल्ला. त्याला खरंच झोप आली.

पहिल्या दिवशीची प्रश्नावली कुणी वाचलीच नाही. पाच चौकटी होत्या, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. दुसऱ्या शाखेच्या मुलांसोबत शिकणं उपयोगाचं आहे का? पूर्ण सहमत. त्यांचं काम तुम्हाला ठाऊक आहे का? पूर्ण सहमत. सगळ्या हॉलनं वरपासून खालपर्यंत एकाच चौकटीत खुणा केल्या. कुणाच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेल्यावर यजमानीण भाजी कशी झाली विचारते, तेव्हा माणूस काय सांगतो? तसंच ते. दुलारीचं काम काय असतं, हे मला तेव्हा इतकंच ठाऊक होतं की त्या मुली पांढरं घालतात आणि रांगेनं चालतात.

कूलरजवळची खाट आमच्या वाट्याला आली. तिच्यावर मनटोरा दाई होती, इकडं आईला, म्हातारीला दाई म्हणतात. साखरेचा आजार, पायाला जखम, डोळ्यांनी अधू. अनिरुद्धनं येऊन विचारलं, नाव काय, कधीपासून त्रास, काय खाता. तो गेला, मी गेले. नाव काय, कधीपासून, काय खाता. मग दुलारी. तिनं वही उघडली तशी म्हातारी उठून बसली.

"ए नोनी, अभीचे तो ओ बाबू पूछ के गे हे. ओकर पाछू ओ टूरी. तुमन आपस म नइ गोठियावव का?"

आधी तो बाबू, मग ती पोरगी, तुम्ही आपसात बोलत नाही का? सगळा वॉर्ड हसला. झाडूवाली मावशीही हसली. आम्ही तिघं खाटेच्या पायथ्याशी उभे, आणि कूलरचे शिंतोडे तिघांच्या वह्यांवर. त्या दिवसापासून आम्ही एकत्र जायला लागलो. खरं सांगायचं तर लाजेनं. आवडीनं नव्हे.

आवड भांडणातून आली. अनिरुद्ध म्हणायचा, सकाळची गोळी नाश्त्याआधी. मी म्हणायचे, हिचा नाश्ता कुठं आहे, लेक डबा आणतो तो दुपारी. पोटात काही नसताना ही गोळी गेली तर म्हातारी चक्कर येऊन पडंल ना बे! मग मी गोळीचे दुष्परिणाम सांगत सुटायचे, आणि दाई घोरायला लागायची. आम्हाला दोघांना तिच्या बोलीत धड बोलता येत नसे, म्हणून प्रत्येक वाक्याला, तिला सांग म्हणत, मी दुलारीला कोपर मारायचे. एका दुपारी तिनं वही खाटेवर आपटली.

"दीदी, मैं यहां तुम लोगन की बोली उलटने नहीं आई हूं. मुझे भी कुछ आता है. पूछो तो सही."

"तर सांग ना! काहून गप्प बसून राहिली?"

"आप सांस लो तो मैं बोलूं."

अनिरुद्ध हसायला लागला, म्हणून आम्ही दोघी त्याच्यावर घसरलो. त्याला कसं कुणीच मधे तोडत नाही, सिस्टर बाई त्याला खुर्ची देतात आणि दुलारीला बादली, हे सगळं त्या दिवशी त्याच्या तोंडावर बोललो. तो लाल झाला, बाहेर निघून गेला. थोड्या वेळानं परत आला, खुर्ची भिंतीशी सरकवली आणि नंतर कधी बसला नाही. बोलला मात्र काही नाही. तो न बोलणाराच माणूस. तेव्हा मला ते सोज्वळ वाटलं होतं.

दाईला घरी सोडायचे दिवस आले. गोळ्या तीन तऱ्हेच्या, वाचता येत नाही, डोळे अधू. मी पंडरीतून चिंध्या आणल्या आणि तीन थैल्या शिवल्या. सकाळची पिवळी, दुपारची नारिंगी, रात्रीची लाल. फार हुशारी केली असं वाटत होतं. दाईनं त्या दोन्ही हातांत धरल्या, डोळ्यांजवळ नेल्या आणि म्हणाली, तिन्ही एकच आहेत. वॉर्डातल्या त्या पिवळ्या दिव्याखाली खरंच एकच दिसत होत्या. कापडाच्या दुकानात राबणाऱ्या मुलीनं दिव्याखाली रंग पाहिला नाही! मी चिडून थैल्या फेकणार होते. दुलारी म्हणाली, "हाथ से चिन्हेगी, दीदी. आंख से नहीं." मग एक खादीची, खरखरीत. एक साटनची, गुळगुळीत. एक टॉवेलची, बटण लावलेली. दुलारीनं ठरवलं की सकाळची गोळी बासी खाल्ल्यावरच, कारण तेवढी एक गोष्ट दाई घरी कधी चुकवत नाही. अनिरुद्ध त्याच्या सरांकडं गेला, बराच वेळ बोलणी खाऊन आला, पण वेळ बदलून आणली. दाई डोळे मिटून थैल्या ओळखू लागली. खादी हातात आली की म्हणायची, "ए हर बासी वाले," ही बासीवाली. आम्ही तिघं तिच्याभोवती उभे राहून परीक्षा घ्यायचो, आणि ती पास झाली की कूलरच्या आवाजावर टाळ्या वाजवायचो. तसं टाळ्या वाजवणं पुन्हा कधी झालं नाही. दुकानाच्या उद्घाटनालाही नाही.

शेवटच्या दिवशी तीच प्रश्नावली परत आली. या वेळी आम्ही ती वाचली. दुसऱ्यांचं काम तुम्हाला ठाऊक आहे का? अनिरुद्ध पेन चावत बसला आणि त्यानं मधली चौकट धरली, सांगता येत नाही. गटात तुमचं म्हणणं ऐकलं जातं का? दुलारीनं असहमतवर खूण केली आणि कागद त्याच्या नाकासमोर धरला. "देख लव." एकत्र शिकल्यानं वेळ वाचतो का? मी पूर्ण असहमतवर इतक्या जोरात खूण केली की कागदाला भोक पडलं. वेळ कसला वाचतो! एका थैलीवर तीन दुपारी भांडलो होतो. सारा हॉल असाच करत होता. पोरं एकेका ओळीवर थांबत होती, शेजाऱ्याला कोपर मारत होती, हसत होती. मग आम्ही तिघं फाटकावर गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, खायला गेलो आणि पुढच्या वर्षी कोणती खाट मागायची यावरून भांडलो. मला कूलरजवळचीच हवी होती.

काही दिवसांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. आकडा खाली आला होता. आधी मुलांचं मन फार चांगलं होतं, एकत्र शिकल्यावर ते उतरलं. मॅडमच्या हातात तोच रुमाल. शेजारी बसलेले मोठे सर म्हणाले, मुलांनाच नको असेल तर जबरदस्ती का? मॅडमनी आमच्या गटाकडं पाहिलं, अनिरुद्धकडं, कारण गटात डॉक्टर तो. "तुम्ही सांगा. तुम्हाला आवडलं नाही का?"

तो आपल्या बुटांकडं पाहत राहिला.

मी उभी राहिले. तोंड उघडलं तोच सर म्हणाले, "फार्मेसी वालों की बात बाद में लेंगे." मला खाली बसायला हातानं खूण केली. ते बाद में अजून यायचं आहे. योजना बंद झाली, सुट्ट्या लागल्या, तिघं तीन आवारांत गेलो. नंतर अनिरुद्ध कधी दिसला तर मान हलवायचा. मी तीही हलवत नसे.

मला तेव्हा काय सांगायचं होतं, ते मी रोज संध्याकाळी पंडरीत डोळ्यांनी पाहत होते. आमच्या दुकानात दोन तऱ्हेची गिऱ्हाइकं यायची. एक बाई गादीवर बसते, थान उलगडलं की म्हणते, वा, किती सुंदर, आणखी दाखवा, हेही सुंदर. शेटजी तिच्यासाठी जागचे हलायचे नाहीत. ती उठून जाणार हे त्यांना ठाऊक. दुसरी बाई कापड उजेडात धरते, काठ ओढते, एक धागा काढून दातात धरते, म्हणते रंग जाईल, वीण विरळ आहे, पदर तोकडा आहे. शेटजींचा चेहरा उजळायचा. आतल्या बाजूला तोंड करून हाक द्यायचे, "नुक्स निकाल रही है, चाय मंगाओ!" कारण जिनं कापड घरी न्यायचं मनात धरलंय, तीच इतकं न्याहाळून खोट काढते. आम्ही पहिल्या दिवशी वा वा म्हणणारी गिऱ्हाइकं होतो. शेवटच्या दिवशी आम्ही धागा काढून दातात धरला होता. मोजणाऱ्यांनी आकडा बरोबर मोजला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एवढे शिकलेले लोक हॉलभर बसले होते, आणि गादीवर बसून राहिलेलं गिऱ्हाईक त्यांना ओळखता आलं नाही. दुकान बंद करून टाकलं.

हे सगळं आत्ता उसळून यायला कारण आहे. माझी मुलगी रेवा फिजिओथेरपी शिकते, शहरातल्याच एका नव्या कॉलेजात. तिथं यंदा हेच सुरू झालं. नवे शब्द आहेत, प्रश्नावली मोबाईलवर येते, पण चौकटी पाचच. डिसेंबरपासून ती घरी येऊन कुरकुरत होती. "मम्मी, वो फार्मेसी वाली लड़की इतना लड़ती है ना, दिमाग खराब कर देती है." मी भाजी ढवळत राहिले. आपल्या घरात कोण बसलंय, हे पोट्टीला कळायला नको?

परवा ती म्हणाली, दुसरी प्रश्नावली झाली. "मैंने तो कम ही दिया. सबने कम दिया. मज़ा बहुत आया, पर जो सच है वो तो लिखेंगे ना? अब परसों सर लोग मीटिंग करेंगे, शायद अगले साल बंद हो जाए."

"बंद? काहून?"

"नंबर गिर गया ना मम्मी."

मी उलथणं कढईत टाकलं. "सर कोन आहेत तुमचे?"

तिनं नाव सांगितलं. अनिरुद्ध.

मी फोन केला नाही. कॉलेजात जाऊन आरडाओरडा करायची तयारी केली होती, साडीही काढून ठेवली होती. पण काल संध्याकाळी तोच दुकानात आला. पुढच्या वर्षीच्या एप्रनचं कापड बघायला आलो म्हणाला. केस पांढरे झालेत. उभाच राहिला. दुकानातल्या मुलीनं खुर्ची पुढं केली तर म्हणाला, "नको. सवय नाही."

मी बस म्हटलंही नाही. थेट सुरू केलं. गादीवरची वा वा बाई, धागा काढणारी बाई, आमची प्रश्नावली, रेवाची प्रश्नावली, त्याचे बूट. शेजारच्या दुकानातले लोक डोकावून गेले. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मला माहीत होतं गं तेव्हाही. आवडलं होतं म्हणायची लाज वाटली. सर पुढं बसले होते."

"उद्या पन बसतील कोनी ना कोनी."

"हो."

"तर मंग? माझं कापड पाहिजे का तुले?"

"पाहिजे."

"मंग उद्या बोलशील. नाही तर एक वार देनार नाही."

"लिहून देऊ का?"

"लिहिलेलं पाहून घेतलं मी. या वेळी तोंडानं सांग. पोट्ट्यांनी काय भरलं ते राहू दे. त्यायले इतकंच विचार, परत बोलावलं तर येता का?"

तो आज बोलला. दुपारी रेवाचा फोन आला, मागं पोरांचा गलका. सरांनी पोरांनाही मीटिंगला बोलावलं, परत यायचं त्यांना हात वर करायला लावला म्हणे, आणि मग फार वेळ बोलले, कुणाला मधे बोलू दिलं नाही. "मम्मी, अगले साल भी है! पर उस फार्मेसी वाली के साथ मुझे फिर डाल दिया तो मैं..." मी फोन कानापासून दूर धरला. चांगलं झालं. खरंच चांगलं झालं. मग मी कूलरसमोर जाऊन उभी राहिले आणि मला इतकं वाईट वाटलं की दुकानातल्या मुलीनं पाणी आणून दिलं. त्यांची खाट त्यांना मिळाली. आमची खाट कुणाकडं मागायची? दाई तर कधीच गेली असेल. त्या थैल्या कुठल्या फडताळात असतील, असल्याच तर.

अनिरुद्धला मी माफ केलेलं नाही. काल मात्र जाताना त्यानं विचारलं, "दुलारीचा नंबर आहे का तुझ्याकडं?" होता. तिची एक भाची माझ्याकडून गणवेश नेते, तिच्याकडून कधीतरी मागून ठेवला होता. लावला मात्र नव्हता. काल लावला, गल्ल्यावर फोन ठेवून, आवाज मोठा करून. ती बस्तरकडं एका दवाखान्यात मोठी सिस्टर आहे. मागं ट्रॉलीची खडखड, कुणीतरी रडत होतं, आणि मग तिचा तोच आवाज, "कोन?"

"मी. पंडरीवाली. थैल्यावाली."

पलीकडं तिनं दार लावून घेतलं, खडखड बंद झाली.

"दीदी," ती म्हणाली, "वो साटन वाली की सिलाई कच्ची थी. उसी हफ्ते उधड़ गई थी. मैंने दाई के गांव जाकर दुबारा सिली. और बटन भी आपने ढीला टांका था. मैं तब से बताने वाली थी."

अनिरुद्धनं हातातला एप्रन उजेडात धरला होता. माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून मी आतल्या बाजूला तोंड केलं आणि मुलीला हाक दिली, "चाय मंगाओ!"

"कितनी, दीदी? दो?"

"तीन."